कारखान्याच्या सर्व्हरची आवृत्ती बदलणार : सभासदांनी काय समजून घ्यावे



येत्या जून महिन्यातील दुसरा शनिवार आणि त्याला लागून येणारा रविवार, असे दोन दिवस कारखान्याचा मुख्य संगणक म्हणजे सर्व्हर बंद राहणार आहे. या दोन दिवसांत ऊस नोंद, बिलाची चौकशी, भाग वर्ग करणे इत्यादी कामे कोणत्याही गट कार्यालयात संगणकावर होणार नाहीत. तशी सूचना फळ्यावर लावली आहे. ती वाचून पुष्कळ सभासद शेतकी खात्यात चौकशीला येऊन गेले. एका जुन्या सभासदांनी तर सरळच विचारले, "साहेब, मशीन चांगलं चाललंय. वजन बरोबर येतंय, बिल बरोबर निघतंय. मग त्याला हात कशाला लावायचा? उद्या माझी आडसालीची तारीख पुसली गेली तर तोड कुणाकडं मागू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आमचे शिक्षण शेतकीचे, संगणक हा काही आमचा विषय नव्हे. पण सभासदांच्या उसाच्या नोंदी या आमच्या खात्याची जबाबदारी आहेत. म्हणून आम्ही संगणक विभागाबरोबर बसलो, या कामाची तालीम पाहायला ठाण्यालाही जाऊन आलो, आणि मनात आलेली प्रत्येक शंका विचारून घेतली. जे समजले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

सर्व्हरवर नेमके काय असते

पूर्वी लाल कापडात बांधलेली दप्तरे असत. एका दप्तरात भागधारकांची नावे, दुसऱ्यात लागणीच्या नोंदी, तिसऱ्यात काट्यावरची वजने. आज ही सगळी दप्तरे सर्व्हरमध्ये आहेत. ती नीट लावून ठेवणारा, मागितलेली नोंद काढून देणारा आणि एकाच वेळी दोघांना एकाच ओळीवर खाडाखोड करू न देणारा जो प्रोग्राम असतो त्याला डेटाबेस म्हणतात. हा प्रोग्राम म्हणजे दप्तर सांभाळणारा कारकूनच समजा. दप्तर सभासदांचे, कारकून नेमलेला.

आपल्या कारखान्यात हे काम पोस्टग्रेस नावाचा प्रोग्राम करतो. त्याची सुरुवात १९८६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली झाली. आज तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. अनेक देशांतील जाणकार मिळून तो सुधारतात आणि कोणालाही तो फुकट वापरता येतो. सहकारात वाढलेल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये.

या दप्तरातील एका ओळीची किंमत किती, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. लागणीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरते. काट्यावरच्या तारखेवर पैशाची मुदत ठरते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावयाचे असतात, आणि उशीर झाला तर दरसाल १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. ते १४ दिवस मोजायचे कोणत्या तारखेपासून? तर या दप्तरातल्याच तारखेपासून. बँकेचा खाते नंबरही तिथेच. तेव्हा या कामाकडे सभासदांनी बारकाईने पाहणे हा त्यांचा हक्कच आहे.

लहान बदल आणि मोठा बदल

डेटाबेसचे बदल दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार किरकोळ दुरुस्तीचा. साधारण दर तीन महिन्यांनी अशी दुरुस्ती निघते. सर्व्हर काही मिनिटे बंद करून ती बसवायची आणि पुन्हा चालू करायचा. नोंदींना धक्का लागत नाही. उभ्या उसाला खताचा हप्ता द्यावा किंवा भांगलण करावी, तसे हे काम. ते आपण आजवर करीत आलो आणि सभासदांना त्याचा पत्ताही लागला नाही.

दुसरा प्रकार मोठ्या आवृत्तीचा. दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती निघते. तिच्यात नोंदींची आतली मांडणी बदललेली असते. त्यामुळे जुन्या आवृत्तीने लिहिलेले दप्तर नवी आवृत्ती जसेच्या तसे उघडत नाही, चालू व्हायलाच नकार देते. हे काम म्हणजे खोडवा मोडून नवी लागण करण्यासारखे. रान तेच, मालक तोच, पण मशागत सगळी नव्याने.

हात लावणे भाग का आहे

आपल्याकडे सध्या तेरावी आवृत्ती आहे. ती सप्टेंबर २०२० मध्ये निघाली. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तेराव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. म्हणजे यापुढे तिच्यात चोराला शिरता येईल अशी एखादी फट सापडली, तर ती बुजवणारे कोणी नाही. सर्व्हर ज्या मूळ प्रणालीवर चालतो ती सेंटओएस ७, तिचीही मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आहे.

यंत्र चालते आहे हे खरे. पण कीड लागलेले बेणे पहिल्या महिन्यात हिरवेच दिसते. ज्या दप्तरात हजारो घरांचे खाते नंबर आहेत, ते कुलूप मोडलेल्या खोलीत ठेवून "आजवर चोरी झाली नाही ना?" असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

आपण सतराव्या आवृत्तीवर जात आहोत. ती सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली आणि तिला नोव्हेंबर २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. अठरावी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेली असताना ती का नको, असेही कोणी विचारील. नवी जात निघाली म्हणून पहिल्याच वर्षी आपण सगळे रान तिच्याखाली घालत नाही. दुसऱ्याच्या रानात ती कशी येते ते आधी पाहतो. तोच विचार इथे केला आहे.

ठाणे-कल्याणच्या रेल्वेवरून एक धडा

आपल्या कारखान्याचा प्रोग्राम सांभाळणारी मंडळी ठाण्याला बसतात. आम्ही आदल्या रात्री डोंबिवलीला एका सभासदांच्या मुलाकडे मुक्काम केला आणि सकाळी लोकलने ठाण्याला निघालो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी स्टेशने मागे पडत होती. दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाने वरच्या तारेकडे बोट दाखवून विचारले, "काका, या तारेतली वीज बदलली, पण गाड्या चालूच राहिल्या, हे माहीत आहे का?" आमचा सगळा विषय त्या एका प्रश्नात आला.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे देशात २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. तिच्यात तेवढ्याच कामाला कमी प्रवाह लागतो आणि वीजकेंद्रेही कमी लागतात. गाड्या वाढवायच्या तर मुंबईलाही ती घेणे भाग होते. पण ठाणे, डोंबिवली, कल्याणची लोकल महिनाभर बंद ठेवून कसे चालेल? लाखो माणसांचे पोट त्या गाडीवर.

मग रेल्वेने काय केले? पहिले म्हणजे, दोन्ही विजांवर चालतील असे डबे आधी आणले. दुसरे, कसारा आणि खोपोलीच्या बाजूने सुरुवात करून तुकड्या-तुकड्याने मुंबईकडे येत गेले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा शेवटचा तुकडा जून २०१५ मध्ये बदलला आणि हार्बर मार्गाचा बदल एप्रिल २०१६ मध्ये पुरा झाला. तिसरे, प्रत्यक्ष बदलासाठी गर्दी नसलेल्या वेळेचा ब्लॉक घेतला. आणि चौथे, तारेचा दाब वाढला की तार आणि पूल यांत अंतर जास्त लागते, म्हणून वाटेतल्या जुन्या बुटक्या पुलांचा विचार आधी करावा लागला. वीज बदलताना पूल आड येईल हे वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानात यायचे नाही.

आपल्या कामातही हेच चार मुद्दे आहेत : वेळ कोणती निवडायची, वाट कोणती धरायची, तालीम कशी करायची आणि आपल्याकडचे बुटके पूल कोणते ते आधी शोधायचे.

तीन वाटा

वेळ ठरवणे सोपे होते. गाळप संपले, काटा बंद झाला, आणि आडसालीच्या नव्या नोंदी जुलैत सुरू व्हायच्या आहेत. जून महिना हाच आपला ब्लॉक.

वाट निवडताना तीन पर्याय पुढे आले.

पहिली वाट जागच्या जागी बदलण्याची. मोठे दप्तर हलवायचे नाही, फक्त आतली सूची नव्या पद्धतीने बांधून घ्यायची. हे काम लवकर उरकते. पण एक अडचण आहे. डेटाबेस नावांची अनुक्रमणिका करून ठेवतो आणि तिच्यावरून नाव शोधतो. कोणते अक्षर आधी आणि कोणते नंतर, हे मात्र तो मूळ प्रणालीला विचारतो. २०१८ साली या प्रणालीतील अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले. आपली जुनी प्रणाली त्याआधीची आहे आणि नव्या सर्व्हरवरची त्यानंतरची. जुन्या क्रमाने लावलेली अनुक्रमणिका तशीच नेली आणि शोध नव्या क्रमाने घेतला, तर नाव यादीत असूनही "अशी नोंद नाही" असे उत्तर येऊ शकते. सभासद काउंटरवर उभा आहे, त्याचा ऊस रानात उभा आहे, आणि संगणक म्हणतो नोंद नाही! यावर उपाय म्हणजे सर्व अनुक्रमणिका नव्याने बांधणे. तो विसरला तर घोटाळा.

दुसरी वाट दोन्ही सर्व्हर एकदम चालवण्याची. जुन्यावर झालेली प्रत्येक नोंद लगेच नव्यावर उतरत जाते, आणि सगळे जुळले की नव्याकडे वळायचे. रेल्वेच्या दोन विजांच्या डब्यांसारखी ही वाट. ज्यांना एक तासही थांबता येत नाही त्यांना ती योग्य. पण हिच्यातही एक खोच आहे. या पद्धतीत नोंदी उतरतात, मात्र "पुढचा पावती नंबर कोणता" हा मोजणारा आकडा आपोआप उतरत नाही. तो हाताने पुढे सरकवावा लागतो. ठाण्याच्या तालमीत ही वाट करून पाहिली तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत नव्या सर्व्हरने वजनपावतीचा नंबर पुन्हा एकपासून द्यायला सुरुवात केली. गाळपाच्या दिवसांत असे झाले असते तर काट्यावर रांग लागलेल्या बैलगाड्यांचे आणि टायरचे काय झाले असते, याचा सभासदांनीच विचार करावा.

तिसरी वाट सर्व नोंदी उतरवून काढण्याची. जुन्या सर्व्हरकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे लिहून घ्यायचे आणि नव्या सर्व्हरवर नव्या मांडणीत पुन्हा भरायचे. वेळ जास्त लागतो. पण अनुक्रमणिका आपोआप नव्या क्रमाने बांधल्या जातात, पावतीचा पुढचा नंबरही बरोबर येतो, आणि जुने दप्तर जागच्या जागी शाबूत राहते. आपल्याला जूनमध्ये दोन दिवस थांबायला सवड आहे, म्हणून आपण ही वाट धरली. घाई नसताना घाईची वाट धरू नये.

तालमीत सापडलेला बुटका पूल

सर्व नोंदींची नक्कल घेऊन ठाण्याला तालीम केली. खऱ्या दप्तराला हात लावला नाही. नोंदी उतरल्या, भरल्या, आकडे जुळले. आम्ही हुश्श केले. तेवढ्यात काट्यावरच्या प्रोग्रामची नक्कल जोडून पाहिली, तर ती सर्व्हरशी बोलेचना. कारण शोधले तेव्हा कळले की चौदाव्या आवृत्तीपासून पासवर्ड तपासण्याची रीत जास्त कडक झाली आहे, आणि काट्यावरच्या जुन्या संगणकातील जोडणीचा प्रोग्राम इतका जुना आहे की त्याला ही रीत माहीतच नाही. कुलूप बदलले, पण किल्ली जुनीच राहिली. आता काट्यावरच्या संगणकांत नवी जोडणी बसवून घेतली आहे आणि तिची वेगळी तालीम पुन्हा होणार आहे. हा पूल पहिल्या गाळपाच्या दिवशी सापडला असता तर हात चोळत बसावे लागले असते.

आणखी एक गोष्ट समजली. नोंदी नव्याने भरल्यावर कोणत्या कपाटात किती माल आहे याचा अंदाज नव्या कारकुनाला नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो फार हळू चालतो. त्याला एकदा सगळी पाहणी करायला लावावी लागते. ते कामही यादीत घातले आहे.

बॅकअप आहे म्हणजे नेमके काय आहे

"बॅकअप आहे ना?" असे विचारले की सगळीकडे मान हलते. पण जगात काय घडले ते सांगतो. गिटलॅब नावाची, संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी मोठी कंपनी आहे. तीही पोस्टग्रेसच वापरते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका माणसाच्या हातून चुकून चालू दप्तर पुसले गेले. बॅकअपच्या पाच पद्धती ठरवून ठेवल्या होत्या. ऐन वेळी पाहतात तो एकही धड चालू नाही! रोजची नक्कल काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि सर्व्हर नव्या आवृत्तीचा, त्यामुळे नक्कल निघतच नव्हती. चुकीची सूचना देणारी ई-मेलही कोणापर्यंत पोचत नव्हती. शेवटी एका माणसाने सुमारे सहा तास आधी सहज घेतलेली एक नक्कल कामी आली. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

यातून दोन गोष्टी आपण घेतल्या. एक, नोंदी उतरवण्याचा प्रोग्राम नव्या आवृत्तीचाच वापरायचा. दोन, ज्या बॅकअपमधून नोंदी पुन्हा उभ्या करून पाहिल्या नाहीत, तो बॅकअप मोजायचाच नाही. उगवण न तपासलेल्या बेण्यावर कोणी लागण करील का?

मोजदाद कशी होणार

शनिवारी सकाळी नोंदी बंद करून जुन्या सर्व्हरवरून पुढील बेरजा छापून घेतल्या जातील : एकूण सभासद आणि भाग भांडवल, गटवार नोंदलेले क्षेत्र, जातवार क्षेत्र, मागील हंगामांतील वजनांची बेरीज आणि प्रत्येक सभासदाची येणे-देणे बाकी. नोंदी भरून झाल्यावर त्याच बेरजा नव्या सर्व्हरवरून छापल्या जातील. शेतकी खाते आणि हिशेब खाते दोन्ही कागद समोरासमोर ठेवून तपासतील आणि मगच सह्या करतील. एका पैशाचा किंवा एका गुंठ्याचा फरक आला तरी नवा सर्व्हर चालू करायचा नाही, सोमवारी जुन्यावरच काम चालू ठेवायचे, असे ठरले आहे. मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवण्यात कमीपणा नाही.

जुना सर्व्हर पुढचा हंगाम संपेपर्यंत बंद करून, सील लावून ठेवला जाईल. त्यावर नवीन काही लिहिता येणार नाही, पण शंका आली तर काढून पाहता येईल.

सभासदांनी काय करावे

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या सगळ्या मोजदादीने जुने दप्तर आणि नवे दप्तर सारखे आहे एवढेच सिद्ध होईल. जुन्या दप्तरातच चूक असेल तर ती चूकही तितक्याच इमानाने नव्यात जाईल. ती फक्त सभासदच ओळखू शकतो.

उदाहरण तारखेचे घ्या. १-७ म्हणजे १ जुलै, आडसाली. महिना आधी आणि दिवस नंतर असे वाचले तर तेच ७ जानेवारी, सुरू. तोडणीच्या पाळीत केवढा फरक पडला! सर्व्हर बदलताना असे होत नाही, कारण तिथे तारीख वर्ष, महिना, दिवस अशा ठरलेल्या क्रमानेच जाते. पण गट कार्यालयात यादी टाइप करताना पूर्वी असे झालेले असू शकते. नावांचेही तसेच. गोऱ्हे, वऱ्हाडे अशा नावांतील अर्धा र संगणकात दोन तऱ्हेने लिहिता येतो. वाचणाऱ्याला नाव एकच दिसते, संगणकाला मात्र ती दोन माणसे वाटतात. अशाने एकाच सभासदाचा ऊस दोन खात्यांवर पडलेला असू शकतो.

म्हणून विनंती येणेप्रमाणे :

१. जूनच्या पहिल्या आठवड्यात गट कार्यालयात आपल्या गावाची यादी लावली जाईल. तीत आपले नाव, सभासद नंबर, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख पाहून घ्यावी. बँक खाते नंबर फळ्यावर लावला जाणार नाही, तो चिटबॉयकडून समक्ष तपासून घ्यावा.

२. जुन्या नोंदीची पावती व मागील बिल जपून ठेवावे. संगणकापेक्षा आपल्या हातातला कागद मोठा, असे आम्ही मानतो.

३. त्या दोन दिवसांत अडलेले काम असेल तर हातपावती मिळेल. तिच्यावर सही-शिक्का असल्याची खात्री करून घ्यावी. सोमवारपासून त्या पावत्या संगणकावर चढवल्या जातील.

४. नवा सर्व्हर चालू झाल्यावर दुसरी यादी लागेल. पहिली आणि दुसरी यात फरक दिसल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार चिटबॉयने लिहून घ्यावयाची आहे.

ज्या सभासदांनी आम्हाला तो प्रश्न विचारला होता, त्यांना आम्ही हे सगळे सांगितले. ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे दप्तर बदलायचं न्हाई, नुसता कारकून बदलायचा. मग जुन्या कारकुनाकडनं चार्ज मोजून घ्या म्हंजे झालं!" आम्ही एवढा मोठा लेख लिहिला, पण सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. चार्ज मोजून घेण्याचे काम आम्ही करू. आपापली ओळ वाचून पाहण्याचे काम सभासदांनी करावे, ही आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते